वाजलेली शिट्टी आणि न वाजलेली शिट्टी

२७ एप्रिल २०२५, डेट्रॉइट. एनबीए ही अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्या फेरीतला न्यूयॉर्क निक्स विरुद्ध डेट्रॉइट पिस्टन्स, चौथा सामना. निक्स ९४, पिस्टन्स ९३ आणि घड्याळात शेवटचे क्षण. पिस्टन्सच्या केड कनिंगहॅमचा शॉट हुकतो, सुटलेला चेंडू कोपऱ्यात त्याच्याच संघातल्या टिम हार्डवे ज्युनियरच्या हाती येतो. तो शॉटची हूल देतो, अडवायला झेपावलेला निक्सचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर येतो, शॉट हुकतो, बझर वाजतो. शिट्टी मात्र वाजत नाही. सामन्यानंतर मुख्य पंचांनी स्वतःच सांगितलं की तो धक्का सोडून देण्याजोगा नव्हता, फाऊल द्यायला हवा होता. तीन गुणांच्या शॉटवर फाऊल म्हणजे तीन फ्री थ्रो. एक पडला असता तर बरोबरी, दोन पडले असते तर पिस्टन्स पुढे. पण निकाल ९४-९३ असाच राहिला आणि निक्सने पुढे मालिका ४-२ ने जिंकली.

अशा सामन्यानंतर तीन प्रश्न हमखास येतात. चूक मान्य केली, तर निकाल का बदलत नाही? पंचांनी रीप्ले का पाहिला नाही? कोचने चॅलेंज का घेतलं नाही? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या नियमांत आहेत, आणि वादात ती एकमेकांत मिसळतात. पंचाचं चुकणं ही एक बाब आणि ती चूक दुरुस्त करायला नियमांत वाट असणं ही दुसरी. हा फरक लक्षात ठेवला की प्लेऑफमधले निम्मे वाद जागच्या जागी सुटतात आणि उरलेल्या निम्म्यांत नेमकं कशावर भांडायचं ते कळतं.

चॅलेंजपासून सुरुवात करू. एनबीएत कोचचं चॅलेंज, म्हणजे पंचांचा निर्णय रीप्लेवर तपासायला लावण्याचा हक्क, २०१९-२० च्या हंगामात आलं. हातात टाइमआउट शिल्लक असेल तरच ते घेता येतं. कोच लगेच टाइमआउट मागतो आणि तर्जनी हवेत गोल फिरवून पंचांना खूण करतो. ते तीनच गोष्टींवर चालतं: आपल्या खेळाडूच्या नावावर दिलेला फाऊल, चेंडू कोणाकडून बाहेर गेला याचा निर्णय, आणि गोलटेंडिंग (रिंगकडे खाली येणारा चेंडू अडवणं) किंवा रिंगवरच्या चेंडूला हात लावल्याचा निर्णय. या तिन्हींत शिट्टी आधी वाजलेली असते. न वाजलेल्या शिट्टीला चॅलेंज नाही. म्हणून हार्डवेच्या वेळी पिस्टन्सच्या कोचकडे कितीही टाइमआउट असते तरी उपयोग शून्य होता. २०२४-२५ पासून याला एक छोटा अपवाद आहे. चेंडू बाहेर गेल्याच्या निर्णयावर चॅलेंज घेतलं आणि रीप्लेत दिसलं की चेंडू बाहेर जातानाच लगत एक फाऊल झाला होता आणि तो सुटला, तर पंच तो देऊ शकतात. त्यापलीकडे दार बंद.

चॅलेंज लवकर वाया घालवलं म्हणून कोचवर टीका होते तेव्हा हिशेब नीट मांडायला हवा. चॅलेंज फसलं तर टाइमआउट जातो. पहिलं यशस्वी झालं तर टाइमआउट परत मिळतो आणि २०२३-२४ पासून दुसरं चॅलेंजही मिळतं. मात्र दुसऱ्यासाठी वापरलेला टाइमआउट यश येवो वा न येवो, जातोच. संघाला सामन्यात सात टाइमआउट असतात, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या तीन मिनिटांत फार तर दोनच हाताशी राहतात. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांची किंमत आणखी वाढते, कारण टाइमआउट घेतला की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागातून आत टाकता येतो. तीन सेकंद उरलेत, दोन गुणांनी मागे आहात आणि पूर्ण कोर्ट पार करायचं आहे, अशा वेळी फसलेल्या चॅलेंजची खरी किंमत कळते.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेतून सुटते. फाऊल रद्द झाला म्हणजे चेंडू आपल्याला मिळाला असं नाही. शिट्टी वाजली त्या क्षणी चेंडू कोणाच्याच ताब्यात नसेल, समजा शॉट हवेत असेल आणि हुकला असेल, तर मधल्या वर्तुळात जंप बॉल होतो, म्हणजे पंच दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये चेंडू वर उडवतात. जिंकलेल्या चॅलेंजनंतरही चेंडू समोरच्यांना जाऊ शकतो. म्हणून समोरच्याचा सगळ्यात उंच सेंटर कोर्टवर असताना फाऊलवर चॅलेंज घ्यावं का, याचाही विचार जाणता कोच करतो.

आता रीप्ले. पंच स्वतःहून रीप्ले पाहू शकतात, पण ठरावीक कारणांसाठीच: बझरच्या वेळी चेंडू हातातून सुटला होता का, शॉट दोनचा की तीनचा, घड्याळात बिघाड झाला का, दिलेला फाऊल फ्लॅग्रंट (गंभीर) ठरतो का, वगैरे. न दिलेला साधा फाऊल शोधण्यासाठी ते स्क्रीनकडे जाऊ शकत नाहीत. त्या दिवशी डेट्रॉइटमध्ये रीप्ले पाहिला असता तरी नियमानुसार तपासता आला असता तो शॉट वेळेत सुटल्याचा प्रश्न. अंगावर आलेल्या हार्टचा नव्हे.

त्याच्या आदल्याच दिवशी डेन्व्हर नगेट्स विरुद्ध क्लिपर्स सामन्यात याच नियमाची दुसरी बाजू दिसली. नगेट्सच्या निकोला योकिचचा शेवटचा शॉट रिंगपर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्याच संघातल्या ॲरन गॉर्डनने तो हवेतच पकडून रिंगमध्ये कोंबला आणि बझर वाजला. पंचांनी रीप्ले पाहिला, चेंडू वेळेत हातातून सुटला होता, नगेट्स १०१-९९. इथे रीप्ले पाहणं पंचांच्या मर्जीवर नव्हतं, नियमच तसा आहे. बोर्डाभोवतीची लाल पट्टी पेटण्याआधी चेंडू हात सोडून गेला का, एवढाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर एका फ्रेमवर मिळतं. फाऊलचं उत्तर असं एका फ्रेमवर मिळत नाही. तंत्रज्ञान एवढं पुढे गेलं तर सगळंच का तपासत नाही, या प्रश्नाचं मूळ या फरकात आहे.

कारण फाऊल म्हणजे नुसता स्पर्श नव्हे. त्या स्पर्शाने खेळाडूचा वेग, चपळाई, तोल किंवा लय बिघडली का, हे पंच पाहतात. मनगटावर टेकलेला हात फोटोत भयंकर दिसतो आणि शॉटवर त्याचा काहीच परिणाम झालेला नसतो. उलट कमरेला दिलेली छोटी ढुशी फोटोत दिसतही नाही, पण उडी मारणाऱ्याचा तोल पार घालवते. स्लो मोशनमध्ये प्रत्येक स्पर्श जास्त वेळ टिकलेला आणि म्हणून जास्त जोराचा वाटतो. एखादा फाऊल पडताळायचा असेल तर क्लिप आधी खऱ्या वेगात पाहावी, मग हळू, आणि दोन्ही वेळा नजर हातावर नव्हे तर खेळाडूच्या धडावर आणि पायांवर ठेवावी.

चूक झाल्याचं लीग कबूल कुठे करते? २०१५ च्या मार्चपासून एनबीए शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. चौथ्या क्वार्टरच्या किंवा जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत कधीही फरक तीन किंवा त्याहून कमी गुणांचा झाला असेल, अशाच सामन्यांचा तो निघतो. प्रत्येक महत्त्वाच्या घटनेपुढे चारांपैकी एक शेरा असतो: निर्णय बरोबर, निर्णय चूक, शिट्टी न वाजवणं बरोबर, शिट्टी न वाजवणं चूक. २०२४ मध्ये निक्स विरुद्ध सिक्सर्स मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात, निक्सने १०४-१०१ असा जिंकलेल्या, शेवटच्या काही सेकंदांत सिक्सर्सच्या टायरीस मॅक्सीवर झालेले फाऊल सुटल्याचं याच अहवालात आलं. निकाल अर्थातच बदलला नाही. हा अहवाल पारदर्शकतेसाठी आहे, अपील म्हणून नाही. त्यात पहिली ४६ मिनिटं नसतात, हेही विसरू नये. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सुटलेल्या फाऊलचे गुणही तेवढेच असतात. फक्त ती चूक जाहीर यादीत कधी येत नाही. ‘अहवालानुसार आमच्याविरुद्ध तीन चुका, त्यांच्याविरुद्ध एकच’ हा हिशेब त्यामुळे अर्धवट राहतो.

अपील करायचीच असेल तर ‘प्रोटेस्ट’ नावाची वाट आहे. ४८ तासांत तक्रार, सोबत १०,००० डॉलर शुल्क. पण पंचाच्या नजरेच्या चुकीवर ती टिकत नाही. नियम चुकीचा लावला गेला हे दाखवावं लागतं. फाऊल दिसला नाही ही नजरेची चूक. सहा फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो; पाचच झालेल्याला सहा झाले असं धरून बाहेर काढणं ही नियमाच्या अंमलबजावणीतली चूक. नेमकं हेच १९ डिसेंबर २००७ ला अटलांटात घडलं. गुणलेखकांच्या टेबलावरच्या चुकीने मायामी हीटच्या शकील ओनीलच्या नावावर एक फाऊल जास्त पडला आणि जादा वेळेत ५१.९ सेकंद उरले असताना त्याला बाहेर बसवलं. मायामी हीटचा प्रोटेस्ट मान्य झाला आणि ८ मार्च २००८ ला तेवढे ५१.९ सेकंद पुन्हा खेळवले गेले. तोवर ओनीलची फिनिक्सला बदली झाली होती, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तोच कोर्टवर नव्हता. त्या वेळात कोणालाच गुण मिळाला नाही आणि अटलांटा ११४-१११ असं जिंकलं. प्रोटेस्ट मान्य होणं किती दुर्मीळ आहे ते एवढ्या जुन्या उदाहरणाकडे जावं लागतं यावरूनच कळावं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ब्लॉक की चार्ज यावर, म्हणजे टक्करीत फाऊल बचावपटूचा (ब्लॉक) की चेंडू घेऊन येणाऱ्याचा (चार्ज). आणि इथेच आपल्याकडच्या प्रेक्षकांचा गोंधळ थोडा जास्त होतो. मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर किंवा शालेय-जिल्हा स्पर्धांत खेळलेला माणूस फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांवर वाढलेला असतो. फिबात शॉटसाठी झेपावणाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी बचावपटू त्याच्या वाटेत उभा असेल तर चार्ज. एनबीएत वेळ त्याआधीची आहे: चेंडू घेऊन येणाऱ्याने शॉटसाठी वर जाण्याची हालचाल सुरू करण्याआधी बचावपटूने जागा घेतलेली असली पाहिजे. दोन्हींत अंतर क्षणभराचंच, पण तेवढ्यात चार्जचा ब्लॉक होतो. सकाळी साडेसहाला चहा घेत ‘हा तर सरळ चार्ज होता’ असं ओरडणारा कित्येकदा फिबाच्या नियमाने बरोबर असतो, एनबीएच्या नाही.

दुसरा सर्रास गैरसमज म्हणजे ‘त्याचे पाय हलत होते, म्हणून ब्लॉक’. बचावपटूचे पाय रोवलेले असलेच पाहिजेत असा नियम नाही. एकदा जागा घेतली की तो आडवा सरकू शकतो, मागे जाऊ शकतो. टक्कर छातीवर, समोरून व्हायला हवी. पुढे झुकला, खांदा किंवा गुडघा वाटेत घातला तर तो त्याचा फाऊल. रिंगखाली चार फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखलेलं असतं. मदतीला आलेला दुसरा बचावपटू त्याच्या आत उभा राहून चार्ज मिळवू शकत नाही. पण तिथेच तो सरळ वर उडी मारून, हात उभे ठेवून शॉट अडवू शकतो. क्लिप थांबवायची ती टक्करीच्या क्षणी नव्हे, चेंडू वर जायला लागतो त्या क्षणी, आणि त्या चित्रात बचावपटूचं धड कुठे आहे ते बघायचं.

२०१८ च्या अंतिम मालिकेतला क्लीव्हलँड विरुद्ध वॉरियर्स हा पहिला सामना आठवा. क्लीव्हलँड १०४-१०२ पुढे, ३६.४ सेकंद बाकी. वॉरियर्सचा केव्हिन ड्युरँट आत घुसला, क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स आडवा आला, पंचांनी चार्ज दिला. मग लेब्रॉन अर्धवर्तुळाच्या आत होता का हे पाहायला ते रीप्लेकडे गेले. तो स्पष्टपणे बाहेर होता. पण शेवटच्या दोन मिनिटांत त्या कारणाने रीप्ले एकदा सुरू झाला की जागा वेळेत घेतली होती का हेही तपासायची मुभा नियमात होती. निर्णय बदलून ब्लॉक झाला, ड्युरँटने दोन्ही फ्री थ्रो टाकून बरोबरी साधली आणि वॉरियर्स जादा वेळेत १२४-११४ जिंकले. लेब्रॉनचे ५१ गुण पाण्यात गेले. अंतिम निर्णय कदाचित बरोबरही असेल. क्लीव्हलँडची खरी तक्रार मात्र दाराबद्दल होती: जो प्रश्न डोळ्यांनी सुटलेला होता तो शंका म्हणून पुढे केला आणि त्या दारातून दुसराच प्रश्न सोडवला. ही तक्रार आजही रास्त वाटते. रीप्लेचं कारण आणि रीप्लेतून घेतलेला निर्णय यांचं नातं घट्ट हवं.

फ्लॅग्रंट फाऊलचा हिशेब फक्त त्या सामन्यापुरता नसतो, आणि प्लेऑफमध्ये तर तो जीवघेणा ठरतो. अनावश्यक धक्का म्हणजे फ्लॅग्रंट १, अनावश्यक आणि अतिरेकी म्हणजे फ्लॅग्रंट २. दोन्हींत दोन फ्री थ्रो आणि वर चेंडू. दुसऱ्यात खेळाडू बाहेर. याशिवाय पहिल्याचा एक आणि दुसऱ्याचे दोन असे दंडगुण खेळाडूच्या नावावर चढतात. प्लेऑफमध्ये ते तीनच्या वर गेले की पुढचा सामना बंद. २०१६ ला वॉरियर्स अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ पुढे होते. चौथ्या सामन्यात त्यांच्या ड्रेमंड ग्रीनचा हात लेब्रॉनला लागला. लीगने सामन्यानंतर तो फ्लॅग्रंट १ ठरवला आणि ग्रीनचा चौथा दंडगुण भरला. पाचव्या सामन्यात तो नव्हता, वॉरियर्स घरच्या मैदानावर हरले आणि पुढे मालिका ४-३ ने गमावली. ‘एवढ्याशा धक्क्याला बंदी?’ असा प्रश्न तेव्हा सगळीकडे होता. बंदी त्या एका धक्क्याची नव्हती, आधीच्या तीन दंडगुणांसकट चारांची होती. पहिल्या फेरीत रागाच्या भरात केलेला फाऊल जूनमध्ये असा वसूल होतो. टेक्निकल फाऊलचं, म्हणजे गैरवर्तनासाठी दिलेल्या फाऊलचं, खातं वेगळं: प्लेऑफमध्ये सात झाले की एका सामन्याची बंदी.

संघनिवडीच्या वादातही हीच गोम असते. चाहता विचारतो, हा खेळाडू चांगला आहे का? संघाच्या कार्यालयात आधी विचारतात, याला खेळवायची परवानगी आहे का, आणि ठेवायची सोय आहे का?

परवानगीच्या तारखा ठरलेल्या आहेत. १ मार्चनंतर करारमुक्त झालेला खेळाडू त्या वर्षी दुसऱ्या संघाकडून प्लेऑफ खेळू शकत नाही. नियमित हंगाम संपल्यावर नवा खेळाडू घेऊन प्लेऑफमध्ये उतरवता येत नाही. मे २०२५ मध्ये बॉस्टनच्या जेसन टेटमची टाचेवरची कंडरा (ॲकिलीस टेंडन) तुटली तेव्हा ‘कोणाला तरी घ्या’ म्हणणं व्यर्थ होतं. संघात नियमित करारावर १५ जण आणि टू-वे करारावर, म्हणजे मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ अशा दोन्हींकडे खेळणारे, तीन. टू-वेवाल्यांना प्लेऑफ बंद; त्यांना खेळवायचं तर हंगाम संपण्याआधी नियमित करार द्यावा लागतो आणि त्यासाठी पंधरांत जागा रिकामी लागते. मार्च २०२५ मध्ये लेकर्सनी कॅम रेडिशला सोडून जॉर्डन गुडविनला नियमित करार दिला तो यासाठीच. बाहेरून पाहताना बेंचवरच्या एका खेळाडूची अदलाबदल दिसते. आतून तो प्लेऑफचा परवाना असतो.

सोयीची गोष्ट पैशाची. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारापासून संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर एकाऐवजी दोन रेषा आहेत, त्यांना ॲप्रन म्हणतात. २०२५-२६ साठी पगार मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलरच्या आसपास आणि दुसरा ॲप्रन २० कोटी ७८ लाखांच्या आसपास. दुसऱ्या ॲप्रनच्या वर गेलेल्या संघाला नुसता करच भरावा लागत नाही, त्याचे हात बांधले जातात. दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा हक्क, गोठतो. २०२४ ला विजेतेपद मिळवणाऱ्या बॉस्टनने पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस दोघांनाही अदलाबदलीत दुसऱ्या संघांना दिलं. दोघं खराब खेळले म्हणून नव्हे, त्या रेषेखाली उतरायचं होतं म्हणून.

डेन्व्हरचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२३ च्या विजेतेपदात ब्रूस ब्राउनचा मोठा वाटा होता आणि तो गेल्यावर व्यवस्थापनाला कंजूष म्हटलं गेलं. खरं तर मर्यादेवर गेलेल्या संघाला स्वतःच्या खेळाडूला हवा तेवढा पगार द्यायचा हक्क पूर्ण मिळतो तो खेळाडूने तीन हंगाम तिथे काढल्यावर. ब्राउनचा एकच झाला होता, त्यामुळे डेन्व्हर त्याला जुन्या पगाराच्या १२० टक्केच देऊ शकत होतं, म्हणजे वर्षाला सुमारे ७८ लाख डॉलर. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी पुढे केले. मालकाने तिजोरी उघडली असती तरी त्याच्यासाठी मोठा आकडा लिहायची परवानगी डेन्व्हरला नव्हती. दोष काढायचाच तर तो एक वर्ष आधीच्या कराराच्या मुदतीत शोधावा लागतो.